मन ताब्यात घेणाऱ्या यंत्राची परीक्षा



ओपीडीत पूर्वी रुग्ण म्हणायचे, ‘कुणीतरी करणी केलीय.’ आता म्हणतात, ‘शेजारी लहरी सोडतात, डोक्यात चिप बसवलीय.’ तक्रार जुनीच आहे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयातल्या जॉन हॅझलम यांनी 1810 मध्ये जेम्स टिली मॅथ्यूज या रुग्णावर अख्खं पुस्तक लिहिलं. ‘एअर लूम’ नावाच्या यंत्रानं एक टोळी दुरून आपल्यावर अंमल चालवते, असं मॅथ्यूज सांगत. आजार ओळखण्यात आपण मनोविकारतज्ज्ञ तरबेज आहोत. पण असं यंत्र खरोखर असलं, तर ते पकडायचं कसं? याचं उत्तर आपल्याजवळ हवं.

पहिला धडा 1784 चा. मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची, म्हणजे शरीरावर परिणाम करणाऱ्या अदृश्य शक्तीच्या दाव्याची, शहानिशा करायला फ्रान्सच्या राजानं नेमलेल्या आयोगात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. पॅरिसजवळ पासी इथं, फ्रँकलिनच्या बागेत, मेस्मरचा शिष्य देस्लों यानं जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’. त्यानंच निवडलेल्या बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. पहिल्याच झाडाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. चौथ्याशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड तिथून 24 फुटांवर होतं! मुलाची मूर्च्छा खरी धरली, तरी तिचं कारण झाडात नव्हतं.

आपलं काम याहून अवघड. देस्लों समोर हजर होता. आपला ‘यंत्रवाला’ अदृश्य. त्याचं बटण आपल्या हाती नाही. मग आपल्या हाती काय? आडोसा. समजा, दावा रेडिओलहरींचा आहे. दोन खोल्या घेऊ नका. त्यातली एक उगाच मनात भरली तर सगळाच घोळ. एकच खोली घ्या. भिंतींच्या, छताच्या आणि जमिनीच्या अस्तरामागे काढता-घालता येणाऱ्या चौकटी बसवा. काही फेऱ्यांत तांब्याची जाळी, काहींत तशाच वजनाची प्लास्टिकची. जाळी बदलायची नसली तरी प्रत्येक फेरीआधी चौकटी काढून पुन्हा बसवा, म्हणजे खडखडाट सारखाच ऐकू येईल. मोबाइल बाहेर, नाहीतर गेलेली ‘रेंज’च चुगली करेल. लहरी खरोखर अडतात का, हे आधी उपकरणानं मोजा. फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. तो चौकटी बसवणाऱ्यालाच ठाऊक असावा, आणि त्यानं ना दावेदाराला भेटावं ना नोंद घेणाऱ्याला.

दावेदारानं दर फेरीला एवढंच सांगायचं: ‘चालू’ की ‘बंद’. वीस फेऱ्यांत नुसत्या अंदाजानं दहाच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. पंधरा किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात दोन. ही रेषा आधी कागदावर आखा, दावेदार आणि परीक्षक दोघांनी सह्या करा. रेषा ओलांडली, तर दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांकडून चाचणी पुन्हा करून घ्या. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली होती. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. सरासरी 17.25 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर वीस आली असती.

चाचणीच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगा. तांब्याची जाळी संथ बदलणारी चुंबकीय क्षेत्रं अडवत नाही. नापास झाला तो त्या दिवशीचा, त्या लहरींचा दावा. आणि कुणी म्हणालं, ‘चाचणी असली की ते यंत्र बंद ठेवतात,’ तर या दाव्याची चाचणीच बांधता येत नाही, असं नम्रपणे सांगून थांबावं.

मनावर कुणी ताबा मिळवू पाहतंय, अशी शंका घेणाऱ्याला हसू नका. 1953 मध्ये सुरू झालेल्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पात सीआयएनं माणसांना नकळत एलएसडी दिलं, आणि 1973 मध्ये त्याच्या बहुतेक फायली नष्ट करवल्या. मनावर ताबा त्यांना मिळाला नाही. माणसं मात्र उद्ध्वस्त झाली. अंध चाचणीतही माणसापासून काही लपवलेलं असतं, पण काय लपवलंय हे त्याला आधी सांगितलेलं असतं आणि त्याची संमती असते. प्रयोग आणि अत्याचार यांतली सीमा हीच.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना एक विनंती. भेदरलेल्या, झोप उडालेल्या रुग्णाला या खोलीत बसवू नका. वीसपैकी नऊ गुण दाखवून भ्रम उतरत नाही. तिथं आपले उपचार आणि सोबतच कामाची. ही खोली आहे ती यंत्र सापडल्याचं किंवा बनवल्याचं जाहीरपणे सांगणाऱ्या, शहाण्यासुरत्या दावेदारासाठी. असा माणूस उद्या विभागात आला, तर त्याला हाकलू नका, चहा द्या आणि पहिला प्रश्न विचारा: ‘किती उत्तरं चुकली तर तुम्ही दावा मागे घ्याल?’ आणि तो आकडा सांगत असताना, किती बरोबर आली तर आपण मत बदलू, तेही त्याच कागदावर लिहा.