म्हातारपण, थंडी आणि सरकारी तिजोरी



बाहेर उकाड्याने जीव नकोसा झाला आहे, आपण सारे हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसला आहात, आणि अशा वेळी मी आपल्यापुढे थंडीविषयी बोलायला उभा राहिलो आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'विलायतेतील वृद्धांचे सरपण' असे कळवले होते. त्यांनी त्याचे हे भारदस्त शीर्षक केले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण तिकडे आता सरपण कोणी जाळीत नाही. नळाने येणारा गॅस जळतो, त्यावर पाणी तापते आणि ते गरम पाणी भिंतीलगतच्या लोखंडी पत्र्यांतून घरभर फिरते. पण वस्तू तीच. चूल पेटती ठेवायची तर पैसा लागतो, आणि तो कोणी द्यायचा यावरून २०२४ साली ब्रिटनमध्ये जे रण माजले, त्याची हकीकत मला सांगायची आहे.

प्रथम थंडी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याला ती हौसेची वाटते. आपल्याकडे थंडी पडली की आपण शेकोटी करतो, हुरडा खातो आणि सकाळी दहा वाजता उन्हात खुर्ची टाकून बसतो. तिकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊन हा पाहुणा असतो, आणि दुपारी चारला अंधार होतो. काही वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडातल्या एका गावी मी एक हिवाळा काढला. शेजारच्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक विधवा बाई एकट्या राहत. घर चांगले चार खोल्यांचे, विटांचे, शंभर वर्षांपूर्वीचे. पण बाईंनी तीन खोल्या कुलूप लावल्यासारख्या बंद करून टाकल्या होत्या. दारांच्या फटीत जुने कपडे कोंबलेले. सकाळी दहा वाजता त्या सार्वजनिक वाचनालयात जात आणि ते बंद होईपर्यंत तिथे बसत. एकच वर्तमानपत्र पुढ्यात. मला वाटे, बाईंना वाचनाचा केवढा नाद! तिथल्या ग्रंथपालाने मला एकदा हळूच सांगितले, "अहो, त्या वाचायला येत नाहीत, ऊब घ्यायला येतात."

वैद्यकशास्त्र सांगते की म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला गारठा बसला की रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाट होते. थंडीची लाट आली की दोन-चार दिवसांत हृदयविकाराचे रुग्ण वाढतात आणि त्यामागून आठ-पंधरा दिवसांनी छातीच्या विकारांचे. राहत्या खोलीत निदान अठरा अंश उष्णता असावी असा तिकडच्या आरोग्यखात्याचा सल्ला आहे. तिकडे गारठून मेलेला मनुष्य बहुधा बर्फात सापडत नाही. तो आपल्या घरात, आपल्या बिछान्यात मरतो, आणि दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली असे लिहिले जाते.

हे सारे ध्यानात घेऊन १९९७ साली मजूर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी वृद्धांना हिवाळी इंधनाचे अनुदान सुरू केले. आरंभी रक्कम किरकोळ होती, घरटी वीस पौंड, आणि गरिबांना पन्नास. तीन वर्षांत ती दोनशे पौंडांवर गेली, आणि पुढे ऐंशी वर्षांवरील माणूस घरात असल्यास तीनशे. यातली मुख्य गोष्ट अशी की, उत्पन्न विचारले जात नसे. वय झाले की पैसे. सरदार असो की गिरणीतला निवृत्त कामगार असो, दोघांच्या खात्यावर नाताळापूर्वी रक्कम जमा होई.

आता कोणीही विचारील की लक्षाधीशाला दोनशे पौंड कशाला? आक्षेप सोपा आहे, आणि तो खोटाही नाही. आपली मराठी माणसेच घ्या. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची. पुढच्या काळात आपले कितीतरी डॉक्टर तिकडच्या सरकारी रुग्णालयांत गेले, तिथेच मोठे झाले, तिथेच म्हातारे झाले. त्यांतल्या बहुतेकांना चांगले निवृत्तिवेतन आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मला हसत म्हणाले, "सरकार मला दरसाल शेगडीचे पैसे देते, आणि मी ते नातवाला देतो." तेव्हा अनुदानाला कात्री लावावी म्हणणारे सगळेच निर्दय नव्हते. लहान मुलांतले दारिद्र्य वृद्धांतल्या दारिद्र्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे, हेही ते दाखवीत. आणि ते खरेच आहे. २०२२-२३ सालच्या सरकारी मोजणीत तिथली शंभरांतली तीस मुले दरिद्री घरांत होती, वृद्ध मात्र शंभरांत सोळा.

२०२४ च्या जुलैत मजूर पक्ष चौदा वर्षांनी पुन्हा अधिकारावर आला. अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी तिजोरी उघडून पाहिली आणि बावीस अब्ज पौंडांचे भगदाड असल्याचे जाहीर केले. २९ जुलैला त्यांनी सांगितले की यापुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये हे अनुदान फक्त 'पेन्शन क्रेडिट' नावाची किंवा तशाच प्रकारची गरिबांची मदत घेणाऱ्यांस मिळेल. एक कोटी चौदा लाखांच्या आसपास असलेली लाभार्थ्यांची संख्या एकदम पंधरा लाखांवर येणार. वाचणार किती? सालिना सुमारे दीड अब्ज पौंड. १० सप्टेंबरला कॉमन्स सभेत मतदान झाले. ३४८ विरुद्ध २२८ मतांनी सरकार जिंकले. विरोधात मत देणारा मजूर पक्षाचा सभासद एकच निघाला. पण बरेच जण त्या दिवशी सभागृहात फिरकलेच नाहीत. एक गंमतही सांगून ठेवतो. २०१७ साली हुजूर पक्षाने असाच विचार बोलून दाखवला होता, तेव्हा याच मजूर पक्षाने हिशेब मांडून सांगितले होते की त्यामुळे जवळजवळ चार हजार वृद्ध प्राणास मुकतील. सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर आकडे निराळे दिसू लागतात, हा अनुभव काही विलायतेपुरता नाही.

श्रीमंताचे अनुदान काढा आणि गरिबाचे ठेवा, हे ऐकायला न्यायाचे वाटते. पण गरीब ओळखायचा कसा? सारी मेख इथे आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

त्या साली एकट्या वृद्धाचे उत्पन्न आठवड्याला २१८ पौंड १५ पेन्सच्या आत असेल तर तो पेन्शन क्रेडिटला पात्र, अशी रेघ होती. त्याच साली नव्या नियमाने मिळणारे पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन आठवड्याला २२१ पौंड २० पेन्स होते. म्हणजे ज्या माणसाकडे सरकारी वेतनाखेरीज दुसरी कवडी नाही, तो तीन पौंड पाच पेन्सने 'सधन' ठरला. आठवड्याला तीन पौंड जास्त आहेत म्हणून त्याचे सालाचे दोनशे किंवा तीनशे पौंड गेले. त्या हिवाळ्याच्या तोंडाशी इंधनाचे दरही सुमारे दहा टक्क्यांनी चढले होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

दुसरी गोष्ट याहून वाईट. जे रेघेच्या आत होते त्यांनाही मदत मिळतच होती असे नाही. सरकारचाच अंदाज होता की पात्र असूनही पेन्शन क्रेडिट न मागणारी आठ लाख ऐंशी हजारांपर्यंत कुटुंबे आहेत. का मागत नाहीत? एक तर अर्ज. त्या अर्जात २४३ प्रश्न होते! आपण हसता, पण सत्तरी-ऐंशीच्या माणसाने, थरथरत्या हाताने, आपली बचत, घर, विमा आणि मेलेल्या नवऱ्याचे निवृत्तिवेतन यांची माहिती त्यात भरायची. दुसरे कारण लाज. १९३१ नंतरच्या मंदीत बेकारांना मदत देण्यापूर्वी अधिकारी घरी येऊन चीजवस्तू पाहात, घरात मिळवती पोरे किती हे विचारीत. ती आठवण तिथल्या कष्टकरी घरांतून अजून पुसलेली नाही. माझ्या शेजारच्या बाईंना मी एकदा अर्जाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "मी जन्मभर कोणापुढे हात पसरला नाही." हिवाळी अनुदान त्या घेत असत, कारण ते सर्वांनाच मिळे, त्यात हात पसरणे नव्हते.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून हिशेब करा. न मागितलेल्या पेन्शन क्रेडिटची सालाची रक्कम दोन अब्ज पौंडांच्या आसपास भरते. कपातीतून वाचणार दीड अब्ज. म्हणजे सगळ्या पात्र गरिबांनी उद्या अर्ज केले, तर सरकारची बचत तर बुडालीच, वर पदरचे घालावे लागले असते! सरकार तर वृद्धांना जाहिराती देऊन सांगत होते की अर्ज करा, अर्ज करा. अर्जांचा पूरही आला. पण बचतीचा डोलारा उभा होता तो पुष्कळांनी अर्ज न करण्यावर. मी अर्थशास्त्री नाही. पण ज्या बचतीचे यश गरिबाच्या अज्ञानावर किंवा अबोलपणावर टिकते, तिला काटकसर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नोव्हेंबरात खात्याच्या मंत्र्यांनीच मान्य केले की या निर्णयामुळे काही साली पन्नास हजार, तर काही साली एक लाख जादा वृद्ध दारिद्र्याच्या रेषेखाली जातील.

आणखी एक मौजेची गोष्ट आहे. पुष्कळ विद्वान म्हणत की हे इंधनाचे पैसे नव्हेतच. नुसती रोख रक्कम आहे, म्हातारा तिचे काहीही करील. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी याचा कसून अभ्यास केला. साध्या रोख रकमेतला शंभरांतला तीनएक पौंडांचा भाग माणूस इंधनावर खर्चतो. पण या रकमेतले चाळीस किंवा त्याहून थोडे अधिक पौंड इंधनावर गेलेले आढळले. कसलीही सक्ती नसताना! कारण एवढेच की रकमेचे नाव 'हिवाळी इंधन' असे होते. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. आमच्या शेजारच्या बाईंना ते पत्र आले की त्या संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत उजेड दिसे आणि त्या मला चहाला बोलावीत. खोली उबदार असे. दिवाळीचे म्हणून दिलेले पैसे आपण डाळीतांदळात घालीत नाही, तसेच हे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०२४-२५ चा हिवाळा वृद्धांनी तसाच काढला. १ मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाला सपाटून मार बसला. त्याच दिवशी रंकॉर्नची पोटनिवडणूक त्यांनी अवघ्या सहा मतांनी गमावली. दारोदार फिरलेले कार्यकर्ते सांगत आले की लोक दुसरे काही बोलतच नाहीत, शेगडीचे बोलतात. २१ मे रोजी पंतप्रधान स्टार्मर यांनी माघारीची भाषा केली आणि ९ जूनला अर्थमंत्र्यांनी नवा नियम सांगितला. आता पैसे पुन्हा सर्व वृद्धांना द्यायचे, आणि ज्याचे करपात्र उत्पन्न सालिना पस्तीस हजार पौंडांवर आहे त्याच्याकडून ते करखात्याने परत घ्यायचे. नव्वद लाखांहून अधिक लोकांचे अनुदान असे परत आले. मूळच्या खर्चातले वाचले ते सुमारे पंचेचाळीस कोटी पौंड.

या नव्या नियमात मला एक शहाणपण दिसते, उशिरा सुचलेले का होईना. गरिबाने आपले दारिद्र्य सिद्ध करायचे नाही. श्रीमंताची श्रीमंती करखात्याने शोधायची, आणि ती त्या खात्याच्या दप्तरात आधीच असते. अर्ज नाही, २४३ प्रश्न नाहीत. पस्तीस हजारांची रेघ मात्र पुन्हा कड्यासारखीच आहे. एक पौंड अधिक झाला की सारी रक्कम परत. यावरही तिकडे तक्रारी आहेत. पण आठवड्याला दोनशे एकवीस पौंडांवर जगणाऱ्याची तक्रार आणि पस्तीस हजारवाल्याची तक्रार एकाच तराजूत घालायला मी तयार नाही.

आपल्याकडचे दोन शब्द बोलतो. श्रावणबाळ योजनेखाली आपल्या राज्यात निराधार वृद्धांना २०२३ पासून महिना दीड हजार रुपये ठरले; पण त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न सालिना एकवीस हजारांच्या आत असल्याचा तहसील कचेरीचा दाखला लागतो. महिन्याला साडेसतराशे रुपये! एवढ्यावर कुटुंब चालत असल्याचा कागद मिळवताना म्हातारा माणूस किती खेपा घालतो, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे कोणी आहे ते मला सांगू शकतील. शिवाय दरसाल हयातीचा दाखला. समोर उभे राहून सांगायचे की साहेब, मी जिवंत आहे.

शेजारच्या बाईंचे पुढे काय झाले असे कोणी विचारील म्हणून सांगतो. मी परतल्यावर दोन-तीन नाताळांना त्यांची पत्रे आली. कपातीचा हिवाळा आला तेव्हा त्या एका मुलीकडे राहायला गेल्या होत्या, ते घर विकून. मुलीचे घर त्यांना आवडत नाही असे पत्रात होते. पण तिथे ऊब असते, असेही होते.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि मंडपाच्या मागच्या बाजूचे काही श्रोते प्रश्न लिहून बसलेले मला दिसत आहेत. त्यांचे प्रश्न ऐकायला मी खाली बसतो.