पडद्यामागची सुई

(समाजाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या वेळी, वेशभूषा-अभिकल्पाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आपल्या शिंपी समाजाच्या या व्यासपीठावरून मजसारख्या विद्यार्थिनीस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. विषय कोणता घ्यावा, याची मोकळीक मला मिळाली होती. गेल्या दोन वर्षांत मुंबईत झालेल्या फॅशन शोंमध्ये मी चार वेळा पडद्यामागे स्वयंसेविका म्हणून काम केले. तेथे जे पाहिले, त्याचा आपल्या पिढीजात व्यवसायाशी फार निकटचा संबंध आहे, असे मला वाटते. म्हणून तेच आपणांपुढे ठेवीत आहे.

फॅशन शो हा शब्द ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दिव्यांचा झगमगाट, संगीत आणि चित्रविचित्र कपडे घालून चालणारी तरुण मुले-मुली एवढेच येते. हा प्रकार आपल्याकडे परका, असाही समज आहे. त्याचा उगम पाहिला तर तो एका शिलाईच्या दुकानात सापडतो. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थाने 1858 साली पॅरिसमध्ये भागीदारीत दुकान काढले आणि आपले कपडे जिवंत माणसांच्या अंगावर घालून गिऱ्हाइकांस दाखविण्याची प्रथा रूढ केली. त्याची पत्नीच या कामी पुढे असे. आपल्या देशात या क्षेत्रातील मंडळींची परिषद 1998 साली स्थापन झाली व 2000 साली दिल्लीत पहिला भारतीय फॅशन सप्ताह भरला. पुढे 2006 पासून मुंबईतही असा स्वतंत्र सप्ताह भरू लागला. आणि रंगमंचावरील वेष पाहून समाजाने तो उचलावा, हे तर महाराष्ट्रास मुळीच नवे नाही. बालगंधर्वांची नेसण आणि त्यांची पातळे पाहून घरोघरच्या स्त्रिया तशीच नेसण करीत, ही हकीकत येथील वडील मंडळींनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली असेल.

आता पडद्यामागचे काम कसे चालते, ते सांगते. प्रेक्षकांस जो कार्यक्रम दिसतो, तो जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचा असतो. त्यात तीस-चाळीस पोशाख दाखविले जातात. परंतु या पंधरा मिनिटांसाठी आम्ही पाच-सहा तास अगोदर हजर असतो. स्वयंसेवकांनी काळे कपडे घालावे असा दंडक आहे. कारण पडद्याच्या फटीतून चुकून कोणी दिसलेच, तर ते अंधारात मिसळून जावे. लोखंडी दांड्यांच्या रॅकवर पोशाख क्रमाने टांगलेले असतात. प्रत्येक रॅकवर ते घालणाऱ्या मॉडेलचे नाव आणि पोशाखाचे छायाचित्र लावलेले असते. कोणता दागिना, कोणते पायताण, ओढणी कोणत्या खांद्यावर, हे सर्व त्या छायाचित्रावरून ताडून पाहावयाचे. एकेका स्वयंसेवकाकडे एक किंवा दोन मॉडेल सोपविलेले असतात. वाफेच्या यंत्राने सुरकुत्या काढणे, बटणे आधीच सोडून ठेवणे, रॅम्पवर पाय घसरू नये म्हणून पायताणाच्या तळव्यास चिकटपट्टी लावणे, रंगविलेल्या चेहऱ्याचा डाग कपड्यास लागू नये म्हणून पोशाख चढविताना मॉडेलच्या तोंडावरून पातळ रुमाल टाकणे, अशी ही कामे. सांगावयास क्षुल्लक, परंतु यांतले एक जरी राहिले, तरी कित्येक आठवड्यांची मेहनत सर्वांच्या देखत वाया जाते.

खरी कसोटी लागते ती पोशाख बदलताना. एक फेरी संपवून आलेल्या मॉडेलला दुसऱ्या फेरीसाठी कित्येकदा मिनिट-दीड मिनिटाचा अवधी मिळतो. तेवढ्यात अंगावरचा पोशाख उतरवावयाचा, दुसरा चढवावयाचा, हुक, नाड्या, दागिने, पायताण सर्व नीट करून तिला रांगेत उभी करावयाची. रांगेच्या तोंडाशी कानाला यंत्र लावलेला एक मनुष्य उभा असतो. तो खूण करील त्या क्षणी तिने निघालेच पाहिजे. संगीत कोणासाठी थांबत नाही.

अशाच एका वेळी माझ्याकडे सोपविलेल्या मॉडेलच्या चोळीची चेन पाठीमागे मधोमध तुटली. तिच्या पुढे रांगेत चार जणी होत्या. सेफ्टी पिना लावाव्या तर कापड तलम रेशमाचे. ताण बसताच ते फाटले असते. माझ्या कमरेच्या पिशवीत काळ्या, पांढऱ्या आणि अंगाच्या रंगाशी मिळत्या दोऱ्याच्या सुया ओवून तयार होत्या. मी तिला श्वास रोखावयास सांगितले आणि लांब टाक्यांनी चोळी तिच्या अंगावरच शिवून टाकली. दर दोन टाक्यांनंतर एक उलटा टाका घेतला, म्हणजे एक दोरा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. ती चालून आली, तेव्हा तोच दोरा कात्रीने कापून चोळी उतरविली. प्रेक्षकांस काही कळले नाही. माझ्याबरोबर चांगल्या महाविद्यालयांतील मुले-मुली होत्या. संगणकावर ती माझ्यापेक्षा सरस आकृती काढतात. परंतु असा टाका त्यांच्या हातात नव्हता, कारण तो त्यांना कोणी शिकविलेला नव्हता. मला तो बार्शीच्या दुकानात आजोबांनी शिकविला. सुटीत आम्ही मुले दुकानात गेलो की ते प्रथम चिंधीवर हात बसवून घेत, आणि मगच गिऱ्हाइकाच्या कपड्यास बटण लावू देत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोशाख अंगावर घालून पाहण्याचा प्रसंग तर याहून बोलका असतो. पोशाख ठराविक मापावर शिवलेले असतात आणि कोणता पोशाख कोणाच्या अंगावर जाणार, हे पुष्कळदा अगदी शेवटी ठरते. मग एका घटकेत कोठे सैल करावयाचे, कोठे घ्यावयाचे. त्या वेळी सर्वांची नजर शिवणीच्या आत जाते. शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडास आपण माया म्हणतो. ज्या कारागिराने माया सोडलेली असेल, त्याचा पोशाख उसवून सैल करता येतो. ज्याने कापड वाचविण्याच्या नादात ती कापून टाकलेली असेल, त्याच्या पोशाखास जोड देण्यावाचून गत्यंतर नसते. आजोबा हा शब्द दिवसातून दहादा उच्चारीत. त्याची किंमत मला तेथे, त्या घाईत कळली.

बंधुभगिनींनो, पडद्यामागे मला सर्वांत अधिक शिकविले ते डिझायनरांबरोबर त्यांच्या कारखान्यांतून आलेल्या शिंप्यांनी. त्यांस तेथे मास्टर म्हणतात. कोणी बिहारचे, कोणी बंगालचे, एक जण आपल्या सोलापूरकडचे होते. कोपऱ्यात जमिनीवर चादर अंथरून, बोटात अंगुस्तान घालून ते बसलेले असत. सर्व धावपळ अखेर त्यांच्यापाशी येऊन थांबे. घेर चार बोटे आखूड करा, गळ्याची पट्टी बदला, मणी ओघळले ते परत लावा, असे म्हणत माणसे येत आणि मास्टर मान वर न करता हात पुढे करीत. त्या कार्यक्रमाची जी छापील पत्रिका निघाली, तिच्यात डिझायनरांचे नाव होते. केशरचना, रंगभूषा, दिवे, संगीत, दागिने, पायताणे यांचीही नावे होती. ज्यांनी ते पोशाख शिवले, त्यांतील एकाचेही नाव नव्हते. मी एका मास्टरांना याबद्दल विचारले. ते हसून म्हणाले, “बेटी, शिवण दिसली तर ती शिवण कसली?” कारागिराच्या तोंडी हे उत्तर शोभते. परंतु शिवण दिसू नये, हा शिलाईचा नियम झाला. शिवणारा दिसू नये, असा नियम कोणी आणि का केला, हा प्रश्न आपण तरी विचारला पाहिजे.

स्वयंसेवकांच्या बाबतीतही असेच एक सत्य सांगणे अवश्य आहे. मी केलेल्या चारही कामांबद्दल मला एक पैसाही मिळाला नाही, प्रमाणपत्र मिळाले. एके ठिकाणी सकाळी नऊ वाजता बोलावून रात्री अकराला सोडले आणि मध्ये खाण्याची सोय म्हणून एक वडापाव दिला. त्या रात्री दादरहून डोंबिवलीची गाडी गाठताना माझा जीव मुठीत होता. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात शिकावयास जाणाऱ्या उमेदवाराशी करार होतो व त्याला विद्यावेतन मिळते. दोन दिवसांसाठी आलेल्या स्वयंसेवकाशी असा करार कोणी करीत नाही. याचा परिणाम असा की, ज्यांच्या घरी मुंबईत राहण्या-जेवण्याची सोय आहे तीच मुले हा अनुभव घेऊ शकतात आणि पुढे नोकरीच्या वेळी तोच अनुभव विचारला जातो. लातूरच्या किंवा मालेगावच्या हुशार मुलीस हे दार अर्धेच उघडे आहे.

येथे बसलेल्या आयाबहिणींच्या मनातील शंका मी जाणून आहे. अशा ठिकाणी मुलींनी जावे का? मी प्रामाणिकपणे सांगते. कपडे बदलण्याच्या जागी छायाचित्र काढण्यास सक्त मनाई असते, आणि प्रत्येकाच्या मागे काम इतके असते की कोणाकडे पाहावयास सवड नसते. शस्त्रक्रियेच्या दालनात जशी वृत्ती असते, तशीच तेथे असते. भीती आहे ती रात्रीच्या प्रवासाची आणि कामाच्या अटी न ठरविता राबवून घेण्याची. तिच्यावर उपाय मुलींना घरी बसविणे हा नव्हे. वेळ, भोजन आणि परतीची व्यवस्था आधी लेखी मागून घेणे, हा आहे. पुढील दोन ठिकाणी मी तसे मागितले. एकाने मान्य केले. दुसऱ्याने नकार दिला, तेव्हा मी तेथे गेले नाही. त्याने माझे काही अडले नाही.

याहून कठीण शंका माझ्या वडिलांची आहे. त्यांनी आजोबांचे दुकान चालविले नाही. तयार कपड्यांचा बाजार वाढला, शिलाईचे दर वाढेनात, तेव्हा ते नोकरीस लागले. मी हा अभ्यासक्रम निवडला त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, “ज्या मशीनवरून आम्ही मोठ्या कष्टाने उठलो, त्याच मशीनवर तू पुन्हा बसणार?” या प्रश्नाची टिंगल करण्याचा अधिकार मला नाही. पाठ मोडेपर्यंत शिवूनही घर चालत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पडद्यामागच्या त्या मास्टरांची स्थितीही याहून फार निराळी नाही. नुसत्या हातावर पोट भरत नाही, हे वडिलांचे म्हणणे खरेच आहे. परंतु नुसत्या चित्रावरही कपडा तयार होत नाही, हे मी पाहून आले आहे. ज्याला कापड समजते आणि त्याबरोबर आकृती, हिशेब आणि करारही समजतो, त्याला या क्षेत्रात कोणी कोपऱ्यात बसवू शकत नाही. यांपैकी पहिली गोष्ट महाविद्यालयात मिळण्यास फार अवघड आहे, आणि तीच आपल्या घराघरांत आहे. दुसरी गोष्ट आपल्यापाशी नव्हती, ती आता शिक्षणाने मिळू शकते. अशा वेळी पहिली टाकून देऊन दुसरीच्या मागे धावणे, हे मला शहाणपणाचे वाटत नाही. संत नामदेवरायांनी सुई, दोरा आणि कात्री ही भक्तीच्या वाणीत आणली आणि त्यांची पदे पंजाबपर्यंत गेली. त्यांना ज्या हत्यारांचा संकोच वाटला नाही, त्यांचा आपण करण्याचे कारण काय?

म्हणून मंडळाच्या चरणी तीन विनंत्या करते. पहिली अशी की, मंडळाच्या शिष्यवृत्त्या देताना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिवणकाम शिकणारी मुले व वेशभूषा-अभिकल्पाचे विद्यार्थी यांस वैद्यकी व स्थापत्याच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने लेखावे. दुसरी, मुंबईत राहणाऱ्या समाजबांधवांनी फॅशन सप्ताहाच्या दिवसांत बाहेरगावच्या विद्यार्थिनींस आठ-दहा दिवस आपल्या घरी उतरू द्यावे; अशा घरांची यादी मंडळाच्या कार्यालयात असावी. तिसरी, आपल्या समाजात जे वृद्ध कारागीर आजही हयात आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार या सभागृहात येऊन मुलांना हात दाखवावा. कोटाची बाही कशी बसवावी, रेशमावर टाका किती घट्ट ओढावा, काज कसे विणावे, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते हातांतून हातांत जाते, आणि ते हात दरवर्षी कमी होत आहेत.

विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की, संधी मिळाली तर पडद्यामागे अवश्य जा. दिव्यांकडे पाहण्यासाठी जाऊ नका. काम शिकण्यासाठी जा. कामाच्या अटी आधी ठरवा. कोपऱ्यात बसलेल्या मास्टरांचे नाव विचारा आणि ते लक्षात ठेवा. पुढेमागे तुमच्या स्वतःच्या नावाने एखादा कार्यक्रम झाला, तर त्याच्या पत्रिकेत शिवणाऱ्यांची नावे छापण्याचे तुमच्याच हाती असेल.

वडीलधाऱ्या मंडळींस शेवटी हात जोडून सांगते. आपण कापड बेतताना नेहमी माया सोडलीत, म्हणून ते कपडे मुलांच्या वाढत्या अंगालाही पुरले. तशीच थोडी माया आमच्या शिक्षणाच्या बेतातही सोडावी. आमच्या हातात पदवी असावी, हा आपला आग्रह योग्यच आहे. त्या हातातील सुई मात्र काढून घेऊ नये.