रक्ताचा एक थेंब
(हट्टा, जि. हिंगोली येथील आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



हट्टा ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना अॅनॉफिलीस डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी आढळले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासामागे एक आणा घेऊन त्या डासांना स्वतःचे रक्त पाजले होते. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधात या रुग्णाच्या रक्ताचाही वाटा होता.

आजही आमचे मागणे तेवढेच आहे. थंडी वाजून ताप आला की, "डॉक्टरसाहेब, सुई मारा, रक्त कशाला काढता?" असे आप्तजन विचारतात. सुईने ताप उतरेल, परंतु परोपजीवी रक्तात तसाच राहील. बोटाच्या टोकावरील थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की परोपजीवी आहे का आणि कोणत्या जातीचा आहे, हे कळते. फॅल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. तेथे एका दिवसाचा विलंबही घातक ठरतो. व्हायवॅक्सचे परोपजीवी यकृतात दडून राहतात व ताप पुन्हा उलटतो. म्हणून त्यावर प्रायमाक्विनच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने चौदा दिवस घ्याव्या लागतात. गर्भवती स्त्रिया व तान्ह्या बालकांना त्या वर्ज्य आहेत. पहिल्या तपासणीत काही आढळले नाही आणि ताप मात्र टिकून राहिला, तर रक्त पुन्हा तपासून घ्यावे.

ढिलाईची किंमत देशाने मोजली आहे. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेमुळे रुग्णसंख्या १९६५ पर्यंत सुमारे एक लाखावर आली होती. १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली.

डासाची अंडी ते पूर्ण डास हा प्रवास साधारण आठ ते दहा दिवसांचा असतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद व टाक्या रिकाम्या करून, घासून कोरड्या कराव्यात. विहिरीत व साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत आणि रात्री मच्छरदाणी वापरावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो व घरातील स्वच्छ पाण्यातही वाढतो, याचाही विसर पडू नये.

दात्यांच्या औदार्यातून सूक्ष्मदर्शक विकत घेता येतो. परंतु त्याच्याखाली ठेवावयाचा थेंब रुग्णानेच द्यावयाचा असतो, आणि तो वेळेवर देण्यास त्याला घेऊन येणे हे आप्तजनांचे काम आहे. ताप आला त्याच दिवशी या, एवढीच नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.