सुराबायाचे मोल

१० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशियात 'वीर दिन' म्हणून पाळला जातो. नवल असे की, १९४५ साली त्या दिवशी पेटलेली लढाई इंडोनेशियन तरुणांनी जिंकली नव्हती. जावा बेटावरील सुराबाया हे मोठे बंदर तीन आठवड्यांत त्यांच्या हातून गेले. किमान सहा हजार माणसे मारली गेली. काही अंदाज पंधरा हजारांपर्यंत जातात. पराभवाच्या आरंभदिनाला राष्ट्रीय सण मानणारी राष्ट्रे जगात थोडीच असतील.

जपानने शरणागती जाहीर केल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, सुकर्णो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. डचांना मात्र आपली वसाहत परत हवी होती. १९ सप्टेंबरला सुराबायातील यामातो हॉटेलवर काही डचांनी आपला ध्वज फडकावला. लाल, पांढरा, निळा असा तो तिरंगा. तरुण वर चढले आणि त्यांनी निळा पट्टा तेवढा फाडून टाकला. उरलेला लाल-पांढरा ध्वज इंडोनेशियाचा होता! पुढे जपान्यांची शस्त्रागारेही त्यांच्या हाती आली आणि २२ ऑक्टोबरला नहदलातुल उलेमा या संघटनेच्या धर्मगुरूंनी प्रतिकार हे धर्मकर्तव्य ठरवले.

२५ ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी ब्रिगेड बंदरात उतरली. सेनापती इंग्रज, पण ब्रिगेड हिंदी होती आणि तीत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. देशावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतून भरती झालेली ही मुले इंफाळच्या रणातून तावून सुलाखून निघालेली होती. आता त्यांना पाठवले गेले ते एका परक्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याच्या आड. दिल्लीत ५ नोव्हेंबरला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, आणि त्याच आठवड्यात हिंदी पलटणी सुराबायावर चालून जाण्याच्या तयारीत होत्या. हिंदी सैनिकांच्या या वापराचा नेहरूंनी जाहीर निषेध केला. पण हुकूम लंडनहून सुटत होता.

मॅलबी यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला होता. दुसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, विमानातून पत्रके पडली : शस्त्रे खाली ठेवा, अन्यथा गोळ्या घालू. वरिष्ठांनी मॅलबींचा शब्द असा परस्पर मोडला. २८ तारखेला शहर उसळले. ठिकठिकाणी विखुरलेल्या छोट्या चौक्यांतले जवान वेढले गेले, अनेक ठार झाले. सुकर्णोंना विमानाने आणून युद्धबंदी करवावी लागली. ती टिकली नाही. ३० ऑक्टोबरच्या सायंकाळी तांबड्या पुलाजवळच्या गोंधळात मॅलबी मारले गेले.

सूड ठरलेलाच होता. मेजर जनरल मॅन्सर्ग यांनी १० नोव्हेंबरच्या सकाळी सहापर्यंत शस्त्रे जमा करण्याची मुदत दिली. गव्हर्नर सुर्यो यांनी नभोवाणीवरून नकार कळवला. बुंग तोमो या तरुणाची आवेशपूर्ण भाषणे तर आधीपासूनच गाजत होती. मग युद्धनौका, विमाने, रणगाडे. काही तरुण बांबूचे भाले घेऊन उभे होते. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल, आणि नुसत्या लष्करी हिशेबाने ते चूकही नाही. इतकी माणसे आणि इतकी शस्त्रे नव्या प्रजासत्ताकाला परवडणारी नव्हती.

परंतु हिशेब इंग्रजांनीही मांडला. हे मूठभर जपानधार्जिण्यांचे बंड आहे, हा डचांचा दावा सुराबायाच्या रस्त्यांत खोटा ठरला. डचांसाठी आणखी रक्त सांडण्याची इंग्रजांची तयारी उरली नाही. त्यांनी डचांना वाटाघाटींकडे ढकलले. नोव्हेंबर १९४६ मध्ये लिंगाजाती येथे करारावर आद्याक्षऱ्या झाल्या आणि त्याच महिन्यात इंग्रजांनी आपले सैन्य काढून घेतले. डचांनी पुढे दोनदा लष्करी कारवाई केली, तेव्हा हिंदुस्थान उघडपणे इंडोनेशियाच्या बाजूने उभा राहिला. २७ डिसेंबर १९४९ रोजी हॉलंडने सार्वभौमत्व सोपवले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. २६ जानेवारी १९५० ला दिल्लीत भारताचा पहिला प्रजासत्ताक दिन साजरा झाला, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित होते सुकर्णो.