पिलाची उलटी आणि घरगुती उपचारांची मर्यादा

कुत्र्याचे पिलू ओकते ही काही नवलाची बाब नव्हे. शिळे अन्न, उकिरड्यावरचे हाड, चपलेचा तुकडा, सणासुदीला लाडाने भरवलेली मिठाई, काहीही त्याच्या पोटात जाते आणि पोट ते बाहेर टाकते. एकदा उलटी होऊन पिलू पुन्हा खेळू लागले तर घाबरण्याचे कारण नसते. मात्र मोठ्या कुत्र्याचा नियम पिलाला लावता येत नाही. घरगुती उपचारांत चूक होते ती बहुधा येथेच.

मोठ्या कुत्र्याला अर्ध्या दिवसाचे लंघन सोसते. दोन-तीन महिन्यांच्या पिलाच्या शरीरात साखरेचा साठा अत्यल्प असतो. उपास लांबला की रक्तातील साखर उतरते, अंग थरथरते, पिलू निपचित पडते. म्हणून त्याच्या पोटास दोन-तीन तासांचीच विश्रांती द्यावी, आणि पाणी तर तोडूच नये. भरलेले भांडे पुढे ठेवल्यास ते घटाघट पिऊन पुन्हा ओकते. त्यापेक्षा दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर पाणी द्यावे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो, त्या दिवसांत तर याची निकड अधिकच. हिरड्या चिकट व फिकट झाल्या, किंवा खांद्यावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लवकर पूर्ववत झाली नाही, तर शरीरातील पाणी घटले असे समजावे.

पाणी पोटात टिकल्यावर मऊ भात आणि मीठ-मसाल्याविना उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे द्यावे. दूध नको. सावजी रश्श्यात कालवलेला भात नागपूरकरांच्या जिभेचे कौतुक असेल. पिलाच्या पोटाला तो मानवत नाही, आणि त्यातील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना अपायकारक असतो.

माणसांच्या औषधांचा डबा या प्रसंगी बंदच ठेवावा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीने कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा जुना उपाय तर घातकच; रक्तात मीठ वाढून झटके येतात. उंदराचे विष, चॉकलेट किंवा मनुका खाल्ल्याचा संशय असेल तर वेष्टन सोबत घेऊन तडक पशुवैद्यकाकडे जावे.

उलटीमागोमाग रक्तमिश्रित, उग्र दुर्गंधीचे जुलाब सुरू झाले, पिलू मलूल झाले, तर पार्व्हो विषाणूची शंका घ्यावयास हवी. १९७८ मध्ये ओळखला गेलेला हा रोग पाहता पाहता जगभर पसरला. तो आतड्याचे अस्तर व पांढऱ्या पेशी नष्ट करतो. शिरेतून द्रव वेळीच मिळाल्यास पुष्कळशी पिले वाचतात. 'सकाळपर्यंत पाहू' म्हणण्यात बरीच दगावतात. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. जागेची घाण काढून मग ब्लिचिंग पावडरचे पाणी वापरावे व लस न टोचलेले नवे पिलू तेथे आणू नये. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते. कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस पुरती लागू पडत नाही.

ओकारीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसल्यास पशुवैद्यकाकडून जंतनाशक घ्यावे. हे जंत आईच्या पोटातूनच पिलात येतात, आणि त्यांची अंडी मातीने माखलेल्या हातांवाटे मुलांच्या पोटात जाऊ शकतात. शाळेच्या आवारात कुत्र्यांचा वावर असल्यास शिक्षकांनी मुलांच्या हात धुण्यावर लक्ष द्यावे.

नागपुरात १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे. खेड्यांतून जवळचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना गाठता येतो.

एक प्रसंग मात्र उलटीसारखा भासतो आणि माणसाच्याच जिवावर बेततो. लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे समजून मालक तोंडात हात घालतो. रेबीजच्या मूक प्रकारातही हुबेहूब असेच दिसते. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, त्याला वेगळे ठेवून पशुवैद्यकास बोलवावे. जखमेला किंवा ओरखड्याला लाळ लागली असेल तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी आरोग्य केंद्र गाठावे.