विष मोजायचे, नवे विष न सोडता
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पुण्याखाली मुळा-मुठेला आणि नागपूरखाली नाग नदीला शहराचे सांडपाणी मिळते. तेच पाणी मोटारीने काठच्या शेतात जाते. मग पेपरात बातमी येते, 'पालेभाजीत शिसे'. नाल्यात शिसे कोणी सोडले, हे कोणी विचारत नाही. भाव पडतो आपला. म्हणून मोजणी आपल्या हाताशी हवी, असे आम्ही म्हणतो.

मोजणी अवघड का? पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, आणि सगळ्यांत मिळून एक ग्रॅम शिसे. प्रयोगशाळेतले साधे ज्वालेचे यंत्र इतके थोडके भरवशाने वाचत नाही. आधी धातू गोळा करावा लागतो. जुनी रीत अशी : भाजी तीव्र आम्लात तासन्‌तास उकळा, पाण्यातला धातू क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात ओढा. वाफ तपासणाऱ्याच्या छातीत जाते, उरलेले मोरीत. मोरी नाल्याला मिळते आणि नाला आपल्या वाफ्याला!

आता बऱ्या वाटा निघाल्या आहेत. ट्रायटन एक्स-११४ हा साबणासारखा पदार्थ, धातूला धरणाऱ्या रसायनासह, नमुन्याच्या पाण्यात किंचित घालतात. पाणी कोमट केले की ते गढूळ होते. मग यंत्रात गरगर फिरवले की साबण तळाशी जमतो आणि धातू त्याच्यात येतो. ताकातले लोणी एका गोळ्यात यावे, तसे. भाजीची भुकटी पातळ आम्लात घालून अल्ट्रासोनिक पात्रात ठेवतात. चष्मेवाला काचा धुतो तसलेच हे पात्र. तिसरी वाट तर आपल्या घरची. कोंबडीच्या खाद्यातले कोलीन क्लोराईड आणि आपला युरिया, दोन्ही घन. ठरल्या प्रमाणात मिसळून तापवले की द्रव होतात आणि गार झाल्यावरही द्रवच राहतात. हे २००३ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झाले. युरियाऐवजी सेंद्रिय आम्ले घेऊन केलेल्या अशा द्रवांनी आता भाजीतले धातू काढतात.

यात जादू नाही. वाचणारे यंत्र लागतेच. ट्रायटनही निर्धोक नव्हे. त्या घराण्याच्या पदार्थांवर युरोपात २०२१ पासून बंधने आहेत. पण लागतो तो चिमूटभर.

तपासणी कितीही चांगली असो, नमुना चुकला की सगळे वाया. पाणी पत्र्याच्या बादलीत घेऊ नका. प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतच घ्या. भाजी वाफ्यातल्या आठ-दहा ठिकाणची घ्या. निम्मी धुऊन, निम्मी न धुता, वेगवेगळी द्या. धुतल्यावर आकडा उतरला तर बराचसा धातू वरच्या धुळीतला; उतरला नाही तर तो मुळावाटे आत गेल्याचा संशय धरा, आणि माती तपासायला द्या.

आपली मागणी दोन ओळींची. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत या रीतीने तपासणी व्हावी. आणि भाजीचा नमुना घ्याल त्याच दिवशी, नाला नदीला मिळतो तिथल्या पाण्याचाही घ्या. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. मग गुन्हेगार कोण, ते गिऱ्हाईकच ठरवील.