पाटी आणि कुलूप



शाळेच्या कोठीस कुलूप घालणारा शिपाई त्या कुलपाचा कारखाना आणि साल दारावर खडूने लिहून ठेवीत नाही. परंतु शाळेचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर वसते, तो पुष्कळदा नेमके हेच करीत असतो.

कोणी पान मागितले, की सर्व्हर पानाआधी माहितीच्या काही ओळी धाडतो. त्यांस हेडर म्हणतात. आपले सॉफ्टवेअर अपाची की एन्जिनएक्स, आणि त्याची आवृत्ती कोणती, हे त्यांत लिहिलेले असू शकते. साध्या वाचकास ते दिसत नाही; शोधणाऱ्यास मात्र सहज वाचता येते. जुन्या आवृत्त्यांतील दोषांच्या याद्या प्रसिद्ध असतात. आवृत्ती कळली, की कोणत्या दोषावर घाव घालावा हे कळते. ह्या धोक्याची सूचना १९९९ सालच्या एचटीटीपी नियमपत्रातच दिलेली आहे.

उपाय अल्प श्रमाचा आहे. अपाचीत ‘सर्व्हरटोकन्स प्रॉड’ व ‘सर्व्हरसिग्नेचर ऑफ’, आणि एन्जिनएक्समध्ये ‘सर्व्हर टोकन्स ऑफ’ असे लिहिले, की आवृत्तीचा आकडा झाकला जातो. सॉफ्टवेअरचे नाव तेवढे उरते.

तथापि, एवढ्यावर निश्चिंत राहणे घातक होय. देवगिरीची अंधारी सहलीत विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. तेथे शत्रूस वाट दिसू नये अशी योजना होती. परंतु किल्ल्याची भिस्त केवळ अंधारावर नव्हती, खोल खंदक आणि तासलेला कडाही होता. शिवाय पुष्कळ घुसखोर पाटी वाचीतच नाहीत. यंत्राकरवी प्रत्येक दार ढकलून पाहतात. अमेरिकेतील इक्विफॅक्स संस्थेत २०१७ साली अपाची स्ट्रट्स ह्या सॉफ्टवेअरमधील दोषातून चोरी झाली. दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती वेळेवर न बसविल्याने चौदा कोटींहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. म्हणून आधी कुलूप दुरुस्त करावे, मग पाटी पुसावी.

सर्व्हर चालविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. प्रश्न विचारणे मात्र आहे. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यास त्याने विचारावे : आवृत्ती झाकली आहे काय? शेवटची दुरुस्ती केव्हा बसविली? मुलांची जन्मतारीख आणि आधार क्रमांक तेथे ठेवण्याची खरोखर गरज आहे काय?

ऊसतोडीस गेलेले आईबाप मुलासह त्याची कागदपत्रेही विश्वासाने शाळेच्या स्वाधीन करतात. त्या विश्वासाची राखण हाही अध्यापनधर्मच होय.